पूर्ण शिष्यवृत्ती घ्यावी की नामांकित संस्था? चोपडा तालुक्यातील एका पालकांना उत्तर

चोपडा तालुक्यातील एका शेतकरी पालकांनी मला विचारले आहे की, त्यांच्या मुलीला संगणक अभियांत्रिकीसाठी दोन ठिकाणी प्रवेश मिळत आहे, तर कोणता घ्यावा. पहिली जागा पुण्याजवळच्या एका नव्या खासगी विद्यापीठातली असून ते चारही वर्षांचे संपूर्ण शिक्षण शुल्क माफ करायला तयार आहे. दुसरी संस्था देशभर नाव असलेली आणि राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरांत असणारी आहे. तिथे शुल्क, वसतिगृह आणि खानावळ मिळून वर्षाला साधारण साडेचार लाख रुपये लागतील. घरी सहा एकर बागायत, त्यात बहुतेक केळी आणि थोडा कापूस. उत्पन्नाचा दाखला सहा लाखांचा. धाकटा मुलगा नववीत. वर्षाला दीड लाख घरातून निघतील, उरलेले तीन लाख दरवर्षी कर्ज काढून भरावे लागतील, आणि मुलीचा ओढा नामांकित संस्थेकडे आहे. “फुकट मिळत असताना कर्ज डोक्यावर घेणे शहाणपणाचे आहे का,” असा त्यांचा थेट प्रश्न आहे.

जळगावच्या एका महाविद्यालयात सव्वीस वर्षे शिकवताना प्रवेश मार्गदर्शनाचे काम माझ्याकडे होते, आणि निवृत्तीनंतरही जून-जुलै आला की रावेर, यावल, अमळनेर, साक्री, शहादा अशा ठिकाणांहून पालक हाच प्रश्न घेऊन येतात. भाऊ, आपण ज्याला फुकट म्हणता ते खरोखर किती फुकट आहे आणि ज्याला नाव म्हणता त्यातून मुलीच्या हाती नेमके काय पडणार आहे, या दोन गोष्टी कागदावर पाहिल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. म्हणून आधी शिष्यवृत्तीच्या पत्राकडे येतो, कारण माझ्या अनुभवात सर्वांत जास्त फसगत तिथेच होते.

काही वर्षांपूर्वी यावल तालुक्यातील एका विद्यार्थ्याला असेच पत्र आले होते. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत शंभर टक्के शिष्यवृत्ती असे छापलेले होते, आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक वाक्य होते: प्रत्येक सत्रात किमान ८.५ सीजीपीए (दहापैकी सरासरी गुणांक) असावा आणि एकही विषय राहिलेला नसावा. ते पत्र त्याच्या वडिलांनी माझ्यासमोर ठेवले होते, मी ते वाक्य वाचलेही होते, आणि बारावीला ९४ टक्के मिळवणाऱ्या मुलाला ८.५ म्हणजे काय अवघड आहे, असे म्हणून मी पान उलटले. त्या मुलाचे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झालेले होते. पहिल्या सत्रात सगळी व्याख्याने इंग्रजीत, जोडीला मेकॅनिक्स आणि ड्रॉइंग, वर्गात निम्मी मुले महानगरांतून आलेली. त्याला ७.९ मिळाले. पहिल्या सत्रासाठी ते गुण चांगलेच होते, पण शिष्यवृत्ती गेली आणि दुसऱ्या सत्राचे पूर्ण शुल्क पंधरा दिवसांत भरण्याचे पत्र आले. वडिलांनी जानेवारीत कापणीला न आलेला केळीचा उभा बाग व्यापाऱ्याला मिळेल त्या भावाने देऊन टाकला. त्या सौद्यात त्यांचे जे नुकसान झाले त्यात माझाही वाटा आहे असे मी मानतो, आणि तेव्हापासून कोणतेही शिष्यवृत्तीचे पत्र मी शेवटच्या ओळीपासून वाचायला सुरुवात करतो.

आपल्या हातातल्या पत्रात काय पाहावे ते सांगतो. शिष्यवृत्ती पुढे चालू राहण्यासाठी गुणांची अट किती आहे, आणि ती ठरलेल्या गुणांची आहे की वर्गातल्या क्रमांकाची, हे सर्वांत महत्त्वाचे. ‘पहिल्या दहा टक्क्यांत असावे’ अशी अट असेल आणि वर्गातली एक तृतीयांश मुले याच शिष्यवृत्तीवर घेतलेली असतील, तर त्यांतल्या बहुतेकांची शिष्यवृत्ती जाणार हे प्रवेशाच्या दिवशीच ठरलेले असते. त्यासाठी कोणाचा अभ्यास कमी पडावा लागत नाही. एका सत्रात गुण घसरले तर पुढच्या सत्रात सुधारणा दाखवून शिष्यवृत्ती परत मिळते की कायमची जाते, आजारपणामुळे परीक्षा हुकली तर काय, शाखा बदलली तर काय, हेही विचारावे. त्यानंतर पाहावे ते हे, की माफी टक्क्यांत लिहिलेली आहे की रुपयांत. पहिल्या वर्षाचे शुल्क दोन लाख असेल, पत्रात ‘दरवर्षी दोन लाख रुपये’ असे लिहिलेले असेल आणि शुल्क दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढत असेल, तर चौथ्या वर्षी शुल्क २ लाख ६६ हजारांवर जाते आणि वरचे ६६ हजार आपल्याला भरावे लागतात. पत्रात ‘संपूर्ण शिक्षण शुल्क, दरवाढीसह’ असे शब्द हवेत.

शिवाय शिक्षण शुल्क माफ म्हणजे शिक्षण मोफत, असे नाही. वसतिगृह, खानावळ, परीक्षा शुल्क, विकास निधी, अनामत रक्कम, लॅपटॉप, पुणे-चोपडा येणे-जाणे हे सगळे आपल्याच खिशातून जाणार आहे आणि पुण्याच्या बाजूला हा खर्च वर्षाला दीड-पावणेदोन लाखांच्या घरात सहज जातो. याचा अर्थ असा की, आपण घरातून काढणार आहात ते दीड लाख रुपये दोन्ही ठिकाणी लागणारच आहेत. दोन पर्यायांतला खरा फरक वर्षाला तीन लाखांचा, म्हणजे कर्जाच्या रकमेएवढा आहे. मोफत आणि साडेचार लाख अशी तुलना केली की मन दडपून जाते. बारा लाखांचे कर्ज आणि त्याच्या मोबदल्यात मिळणारी संस्था अशी तुलना केली की निदान हिशोब मांडता येतो.

आता नावाच्या किमतीकडे येतो. या विषयावर सर्वांत जास्त चर्चिलेला अभ्यास अमेरिकेतल्या स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांचा आहे, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७६ मध्ये महाविद्यालयात गेलेल्या विद्यार्थ्यांची पुढची कमाई त्यांनी तपासली आणि असे दाखवले की, अधिक नामांकित महाविद्यालयात प्रवेश मिळूनही जे कमी नावाच्या ठिकाणी गेले त्यांची कमाई नामांकित ठिकाणी गेलेल्यांच्या बरोबरीनेच राहिली. म्हणजे हुशार आणि जिद्दी मूल कुठेही गेले तरी बहुतेक तेवढेच पुढे जाते. शिष्यवृत्ती घ्या असे सांगणारे लोक इथपर्यंतच सांगतात. त्याच अभ्यासात एक अपवाद निघाला होता, आणि आपल्या भागासाठी तो अपवादच महत्त्वाचा आहे: कमी उत्पन्नाच्या घरांतून आलेल्या मुलांना नामांकित संस्थेचा स्पष्ट फायदा झालेला दिसला, आणि त्याच दोघांच्या नंतरच्या अभ्यासात ज्यांचे आईवडील कमी शिकलेले आहेत अशा मुलांनाही तो दिसला. २०२३ मध्ये राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या अत्यंत निवडक विद्यापीठांचा अभ्यास केला तेव्हा सरासरी कमाईत फारसा फरक सापडला नाही, पण सर्वांत नावाजलेल्या कंपन्यांत काम मिळण्याची शक्यता सुमारे तिप्पट आणि उत्तम दर्जाच्या संस्थेत पुढचे शिक्षण मिळण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट झालेली दिसली. हे आकडे तिकडचे आहेत आणि ते जसेच्या तसे चोपड्याला लावता येणार नाहीत. पण त्यामागचे कारण मला इथे वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर दिसत आले आहे.

साक्री तालुक्यातील एका मुलीचे उदाहरण देतो. तिच्या घरात पदवीपर्यंत गेलेले कोणीही नव्हते. ती अशाच एका नावाजलेल्या संस्थेत गेली आणि पहिल्या दिवाळीला घरी आली तेव्हा मला भेटायला आली. शिकवण्याबद्दल तिने फारसे काही सांगितले नाही. काही प्राध्यापक चांगले, काही यथातथा, असे म्हणाली. तिने सांगितले ते वसतिगृहाच्या मजल्याबद्दल. तिच्या मजल्यावरच्या वरच्या वर्गातल्या मुली ऑगस्ट महिन्यातच पुढच्या उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपसाठी, म्हणजे शिकत असताना कंपनीत काही आठवडे करायच्या उमेदवारीच्या कामासाठी, अर्ज भरत होत्या आणि रात्री जेवणानंतर एकमेकींचे बायोडाटा दुरुस्त करत बसत होत्या. इंटर्नशिप हा शब्द तिने तिथेच पहिल्यांदा ऐकला. तिसऱ्या वर्षी तिने पुण्यातल्या ज्या कंपनीत अर्ज केला, तिथे त्याच संस्थेतून पाच वर्षांपूर्वी शिकून गेलेल्या एका मुलीने, जिला ती कधी भेटलेलीही नव्हती, फोनवर दोन संध्याकाळ तिच्याकडून मुलाखतीचे प्रश्न करून घेतले. ज्यांचे काका-मामा पुण्या-मुंबईत कंपनीत आहेत अशा मुलांना ही माहिती घरच्या जेवणाच्या ताटावर मिळते. आपल्या मुलीला ती कुठून मिळणार आहे? नामांकित संस्थेतून जे मिळते त्यातला मोठा भाग हा असतो, आणि तो ज्यांच्याकडे आधीपासून नाही त्यांना त्याचा उपयोग सर्वांत जास्त होतो.

मात्र हा फायदा सगळ्या क्षेत्रांत सारखा नाही. संगणक अभियांत्रिकीत, व्यवस्थापनात, मोठ्या विधी कंपन्यांच्या वकिलीत नोकरी देणारे आधी कॅम्पस निवडतात आणि मग विद्यार्थी, त्यामुळे तिथे नावाला वजन आहे. एमबीबीएसला तसे नाही. तिथे धुळे, जळगाव किंवा नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातली जागा सोडून लाखो रुपये भरून नावाच्या मागे जाण्यात मला कधीच अर्थ दिसला नाही, कारण रुग्ण तपासण्याची नोंदणी सगळ्यांची सारखीच असते आणि पुढचे एमडी-एमएस प्रवेश परीक्षेच्या गुणांवर मिळते. एमपीएससी किंवा यूपीएससीला कोणत्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी चालते. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची पदवी घेऊन घरी राहून अभ्यास केलेली मुले अधिकारी झालेली मी पाहिली आहेत. आपल्या मुलीच्या मनात जर स्पर्धा परीक्षाच असेल, तर कर्जाचा विचार आजच सोडून द्या आणि शिष्यवृत्ती घ्या. हे तिला एकदा शांतपणे विचारा, कारण अनेक घरांत हे न विचारताच लाखोंचे निर्णय होतात.

ती सॉफ्टवेअरच्या क्षेत्रातच जाणार असे धरून पुढे चालतो. संस्थेच्या जाहिरातीतला सर्वांत मोठ्या पगाराचा आकडा आपण वाचलाच नाही असे समजा. राष्ट्रीय क्रमवारीसाठी, म्हणजे एनआयआरएफसाठी, प्रत्येक संस्था जी माहिती सरकारला देते ती तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावरही ठेवलेली असते. त्यात किती विद्यार्थी पदवीधर झाले, किती जणांना नोकरी लागली, किती जण पुढे शिकायला गेले आणि नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार किती, हे मागच्या तीन वर्षांचे आकडे असतात. मध्यक म्हणजे सर्वांचे पगार ओळीने मांडले तर अगदी मधला पगार. निम्म्यांना त्यापेक्षा जास्त, निम्म्यांना कमी. दोन्ही संस्थांचे हे कागद काढून शेजारी शेजारी ठेवा. मुलीला एका संध्याकाळी मोबाइलवर हे काम सहज करता येईल. शिष्यवृत्ती देणारे विद्यापीठ नवे असेल आणि त्याची एकही तुकडी अजून बाहेर पडलेली नसेल, तर तिथे तुलना करायला काही नाही, हीच मोठी माहिती समजावी.

आता कर्जाचा हिशोब. दरवर्षी तीन लाख याप्रमाणे चार वर्षांत बारा लाख रुपये आपण उचलाल. शैक्षणिक कर्जात अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतर साधारण एक वर्ष हप्ता सुरू होत नाही, पण व्याज पहिल्या दिवसापासून मोजले जाते. दहा टक्के साधे व्याज धरले तर पहिल्या वर्षाच्या तीन लाखांवर पाच वर्षांचे, दुसऱ्या वर्षाच्या तीन लाखांवर चार वर्षांचे, असे धरत गेले की व्याज ४ लाख २० हजार होते आणि हप्ता सुरू होण्याच्या दिवशी डोक्यावर १६ लाख २० हजार असतात. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे २१ हजार ४०० रुपये बसतो आणि एकूण फेड २५ लाख ७० हजारांच्या जवळ जाते. बारा लाखांचे कर्ज म्हणजे पंचवीस लाखांची फेड, हे मुलीसह घरातल्या सर्वांना माहीत असायला हवे. शिकत असतानाच दरमहा व्याज भरत गेले, म्हणजे पहिल्या वर्षी महिन्याला अडीच हजार, दुसऱ्या वर्षी पाच, तिसऱ्या वर्षी साडेसात आणि त्यानंतर दहा हजार, तर हप्ता १५ हजार ९०० च्या आत राहतो, आणि असे व्याज वेळेवर भरणाऱ्यांना काही बँका दरात एक टक्का सवलतही देतात. पण केळीच्या घरात दर महिन्याला पैसा येत नाही, तो कापणीला येतो. म्हणून पूर्ण व्याज जमणार नसेल तर कापणीचे पैसे आले की त्यातून निदान वर्षाचे व्याज एकरकमी भरून टाकावे.

हा हप्ता झेपेल की नाही हे ठरवायला मी एक साधी मोजपट्टी वापरतो: एकूण कर्ज त्या संस्थेच्या मध्यक वार्षिक पगारापेक्षा जास्त नसावे. मध्यक पगार बारा लाखांच्या आसपास असेल तर हाती महिन्याला ऐंशी हजारांच्या वर पडतात आणि २१ हजारांचा हप्ता भरूनही मुलगी शहरात नीट राहू शकते. मध्यक पगार पाच-सहा लाख असेल तर निम्मा पगार हप्त्यात जाईल, उरलेल्यात घरभाडे भागणार नाही, आणि मग हप्ता शेवटी चोपड्याहून भरला जाईल. मी जाहिरातीतल्या नव्हे, मध्यक पगाराचा आग्रह धरतो तो याच कारणासाठी, की आपली मुलगी वर्गात मधल्या क्रमांकावर राहिली तरीही कर्ज फिटले पाहिजे.

बँकेच्या बाजूने आपल्या भागात दोन अडचणी ठरलेल्या आहेत. पहिली म्हणजे, सहा एकर बागायत असूनही बँक शैक्षणिक कर्जाला शेतजमिनीचे तारण सहसा घेत नाही, कारण थकीत कर्ज वसूल करण्यासाठी बँका ज्या २००२ च्या सरफेसी कायद्याचा आधार घेतात त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. सातबारा आणि आठ-अ घेऊन गेलेल्या वडिलांना शाखेत एन. ए. प्लॉट, मुदत ठेव किंवा विमा पॉलिसी मागितली जाते, आणि गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यापलीकडे कागद नसतो. दुसरी अडचण सिबिलची. आपण सहकर्जदार असणार, म्हणून आपला पतअहवाल निघणार, आणि विकास सोसायटीचे किंवा बँकेचे पीककर्ज कर्जमाफीच्या आशेने थकवलेले असेल तर ते तिथे दिसणार. मार्चमध्ये नवे-जुने करून ठेवले असेल तर बहुधा अडचण नाही. थकबाकी असेल तर ती आधी निकालात काढा आणि मगच अर्ज करा. दोन वर्षांपूर्वी याच एका कारणाने रावेरच्या एका मुलाची जागा गेली, कारण बँकेने नकार कळवला तोपर्यंत शुल्क भरण्याची मुदत संपली होती.

तारणाच्या अडचणीवर सध्या चांगला मार्ग आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. राष्ट्रीय क्रमवारीतल्या वरच्या संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला तारण आणि जामीनदार न मागता कर्ज द्यावे, अशी तिची रचना आहे, सुरुवातीला तिच्यात ८६० संस्था होत्या, आणि साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकार बँकेला ७५ टक्के हमी देते. आपण सांगितलेली संस्था पहिल्या शंभरांत आहे म्हणजे ती या यादीत असणार, पण चालू वर्षाच्या यादीत तिचे नाव स्वतः पाहून घ्या. घराचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंतच्या काळात व्याजात तीन टक्के सवलत आहे. ती दरवर्षी एक लाख विद्यार्थ्यांनाच मिळते आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला मिळत नाही. इथे एक निवड करावी लागेल. मुलींसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, म्हणजे एआयसीटीईची, प्रगती शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा आठ लाख, रक्कम वर्षाला पन्नास हजार. संस्था एआयसीटीईची मान्यता असलेली असेल आणि मुलीची निवड झाली, तर चार वर्षांत हाती पडणारे दोन लाख तीन टक्के व्याज सवलतीपेक्षा नक्कीच जास्त भरतात.

आपण विचारलेल्या दोन पर्यायांबाहेरची एक गोष्ट मला इथे आग्रहाने सांगायची आहे. मुलीने एमएचटी-सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, दिली आहे का, हे आपण लिहिलेले नाही. महाराष्ट्र शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या इतर मागास प्रवर्गातील, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गातील आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातील मुलींना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे यांना हा निर्णय लागू नाही, पण सार्वजनिक विद्यापीठे आणि शासकीय महाविद्यालये यांना आहे. आपण यांपैकी एखाद्या प्रवर्गात असाल आणि सीईटीचे गुण चांगले असतील, तर १८५४ मध्ये सुरू झालेले पुण्याचे सीओईपी, १८८७ पासूनचे मुंबईचे व्हीजेटीआय, सांगलीचे वालचंद या अभियांत्रिकी संस्थांचे दार या मार्गाने उघडे आहे. तिथे नावही आहे आणि शिक्षण शुल्कही नाही. खुल्या प्रवर्गातल्या आठ लाखांच्या आतल्या घराला राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मे शिक्षण शुल्क मिळते. खासगी विद्यापीठांची प्रवेशपत्रे मे महिन्यातच घरी येतात आणि शासनाच्या फेऱ्या जुलै-ऑगस्टपर्यंत चालतात, म्हणून घाईत पैसे भरून मोकळे झालेले पालक दरवर्षी ही जागा गमावतात. सीईटी दिली असेल तर महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळासाठी लागणारे उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले, नॉन-क्रिमिलेअर आणि मुलीचे आधार जोडलेले बँक खाते आजच तयार ठेवा, आणि कोणाचेही शुल्क भरण्यापूर्वी प्रवेश रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील हे लेखी विचारून घ्या.

सीईटी दिलेली नसेल आणि हेच दोन पर्याय असतील, तर माझे मत असे आहे. नामांकित संस्थेचा मध्यक पगार बारा लाखांच्या जवळ किंवा वर असेल आणि पीएम विद्यालक्ष्मीतून तारणाशिवाय कर्ज मिळत असेल, तर मुलीला तिथे पाठवा. ती आपल्या घरातली अभियांत्रिकीला जाणारी पहिली मुलगी आहे आणि अशा मुलीला संस्थेच्या नावाचा खरा उपयोग होतो, हे मी वर सांगितलेच आहे. मध्यक पगार आठ लाखांच्या खाली असेल, किंवा बँक साडेसात लाखांवर तारण मागून अडून बसली असेल आणि वरच्या रकमेसाठी सावकाराकडे किंवा सोने मोडण्याकडे जावे लागणार असेल, तर शिष्यवृत्ती घ्या. मात्र तिची अट ‘फक्त उत्तीर्ण होणे’ किंवा फार तर ६.५ ते ७ गुणांची असली पाहिजे. अट ८.५ ची असेल तर ती शिष्यवृत्ती पहिल्या वर्षापुरतीच आहे असे धरा आणि उरलेल्या तीन वर्षांच्या शुल्काची तरतूद हाताशी आहे का ते पाहा; नसेल तर ते विद्यापीठ आपल्याला परवडणारे नाही. मध्यक पगार आठ आणि बाराच्या मध्ये पडत असेल तर निर्णय खरोखर अवघड आहे, आणि तिथे मी कर्जाची रक्कम कमी करण्याच्या मागे लागेन: नामांकित संस्थेची गरजू विद्यार्थ्यांसाठीची शुल्क सवलत, समाजाच्या विश्वस्त संस्थांची बिनव्याजी परतफेडीची शिष्यवृत्ती, रिलायन्स फाउंडेशनची पदवीसाठीची दोन लाखांपर्यंतची शिष्यवृत्ती. कर्ज बारावरून आठ लाखांवर आले तर वरचाच हिशोब १४ हजार ३०० च्या हप्त्यावर येतो.

धाकट्या मुलाचा विचार आपण पत्रात एका ओळीत केला आहे, तो मी महत्त्वाचा मानतो. तीन वर्षांनी तो बारावीला असेल आणि तेव्हा मुलीचे चौथे वर्ष सुरू झालेले असेल. त्या एका वर्षी तिचे शुल्क आणि त्याच्या बारावीचा खर्च एकदम येईल, आणि त्याच वर्षी मे-जूनच्या वादळात बाग झोपली तर काय करायचे, याचे उत्तर आजच ठरवून ठेवलेले बरे. मुलीसाठीचे कर्ज पहिल्याच वर्षी पूर्ण बारा लाखांचे मंजूर करून घ्या आणि दरवर्षी लागेल तेवढेच उचला. न उचललेल्या रकमेवर व्याज लागत नाही आणि दरवर्षी नव्याने मंजुरीच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत.

आता या आठवड्यात करायचे ते. शिष्यवृत्ती देणाऱ्या विद्यापीठाला वर सांगितलेले प्रश्न ईमेलने विचारा आणि उत्तर ईमेलनेच घ्या; प्रवेश विभागातल्या कोणी फोनवर ‘काळजी करू नका, सर्वांची चालू राहते’ असे सांगितले तर तेच लेखी मागा. बँकेत जाताना मुलीला सोबत न्या आणि व्यवस्थापकासमोर तिलाच बोलू द्या. शैक्षणिक कर्जात मुख्य कर्जदार म्हणून पहिली सही तिची असते, आपली सहकर्जदाराची. सही करण्यापूर्वी व्यवस्थापकांकडून हप्त्यांचा तक्ता छापून घ्या, तो तिला एक दिवस घरी वाचू द्या, आणि दुसऱ्या दिवशी ती काय म्हणते ते मला कळवा. मी सकाळी अकरापर्यंत घरीच असतो.